नॉर्वेतील लाकडी घरे आणि त्यांचे गाव : प्रस्तावना

नॉर्वेच्या खेड्यांतील जुनी लाकडी घरे हा विषय स्थापत्य, सुतारकाम, शेतीचा इतिहास आणि वारसाहक्काचा कायदा अशा अनेक अभ्यासशाखांच्या हद्दीवर येतो, आणि बहुधा त्यामुळेच कोणत्याही एका शाखेने त्याचा सर्व बाजूंनी विचार केलेला दिसत नाही. स्थापत्याचे अभ्यासक भिंतींच्या कोपऱ्यातील जोड तपासतात, इतिहासकार जमिनीच्या नोंदी चाळतात आणि संग्रहालये भांडीकुंडी व कोरीव खांब जपून ठेवतात. परंतु ते घर गावात नेमके कोठे उभे होते, तेथेच का उभे होते आणि त्याच्या अंगणावर कोणाकोणाचा हक्क होता, हे प्रश्न या साऱ्यांच्या मधल्या फटीत राहून जातात. प्रस्तुत ग्रंथ या प्रश्नांपासून सुरू होतो. नॉर्वेतील ओंडक्यांचे घर ही मुळात हलवता येण्याजोगी वस्तू आहे: भिंतीतल्या प्रत्येक ओंडक्यावर खूण करून ते घर उतरवता येते, हिवाळ्यात बर्फावरून घसरगाडीने ओढून नेता येते आणि दुसऱ्या जागी त्याच क्रमाने पुन्हा रचता येते, आणि शतकानुशतके तेथील लोक घरे अशीच विकत, वाटून घेत आणि हलवत आले. घर हलते, मात्र त्याच्या भोवतीचा शेजार, उतार, पाणवठा आणि हक्क हलत नाहीत, या विसंगतीत नॉर्वेतील लाकडी वास्तूंच्या जतनाचा जवळजवळ सगळा वाद सामावलेला आहे.

विषयाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने आधी बांधकामाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचे बरेच काही तिच्यातूनच निघते. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यात छपराचा भार उभे खांब आणि तुळया पेलतात व दोन खांबांमधली भिंत केवळ आडोसा करते. नॉर्वेतील ओंडक्यांच्या घरात खांबच नसतात, आडव्या ओंडक्यांची एकावर एक रचलेली भिंत हाच भार पेलणारा सांगाडा असतो. दोन भिंती जेथे मिळतात तेथे ओंडक्यांना खाचा पाडून ते एकमेकांत अडकवले जातात, आणि या कोपरा-जोडणीला ‘लाफ्ट’ असे म्हणतात. प्रत्येक ओंडक्याच्या पोटाला लांबवर पन्हळीसारखी खोबण कोरून तो खालच्या ओंडक्याच्या पाठीवर बेताने बसवतात; खालच्या ओंडक्याचा उंचसखलपणा वरच्यावर आखून घेण्यासाठी दुहेरी टोकांचे एक खास हत्यार वापरले जाते आणि मधल्या फटीत शेवाळ किंवा लोकर भरली जाते. लाकूड बहुतेक ठिकाणी पाइनचे, तेही शक्यतो सावकाश वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचे असते, कारण राळेने भरलेला हा गाभा सहजासहजी कुजत नाही. नवी भिंत काही वर्षे स्वतःच्या वजनाने आणि लाकूड सुकल्याने खाली बसत जाते, म्हणून दाराच्या चौकटीच्या वर मोकळी जागा सोडावी लागते. ती न सोडता घाईने केलेले दुरुस्तीकाम, काही वर्षांतच दार अडकू लागले की, उघडे पडते.

छपराची रचनाही तितकीच विचारपूर्वक केलेली असते. वाशांवर फळ्या, फळ्यांवर बर्चच्या सालीचे अनेक थर आणि त्यांवर गवतासह कापून आणलेली माती, असा तिचा क्रम असतो. प्रवासी छायाचित्रांत हिरवेगार दिसणारे गवत पावसापासून घराचे रक्षण करते असा सर्वसाधारण समज आहे, परंतु पाणी अडवण्याचे काम बर्चची साल करते. माती ही साल जागेवर दाबून ठेवते आणि घरातली ऊब टिकवते. बर्च हे भूर्जवृक्षाच्याच प्रजातीतले झाड आहे, तेव्हा ज्यांच्या सालीवर भारतात पोथ्या लिहिल्या गेल्या त्याच प्रजातीतील झाडांच्या सालीखाली नॉर्वेतील शेतकरी झोपत असे, एवढी नोंद जाता जाता करण्यास हरकत नाही.

या पद्धतीला एक मर्यादा आहे आणि गावाचे रूप घडण्यात तिचा वाटा मोठा आहे. भिंतीची लांबी ओंडक्याच्या लांबीने ठरते, त्यामुळे मोठे घर बांधण्याऐवजी अनेक लहान घरे बांधणे सोपे पडते. त्यात उघड्या चुलीमुळे आगीचे भय कायम असे. परिणामी राहण्याची खोली, स्वयंपाकाची झोपडी, धान्याचे कोठार, गोठा, गवताची माची, लोहारशाळा, धान्य वाळवण्याची भट्टी, म्हाताऱ्या आईवडिलांचे वेगळे घर असे प्रत्येक कामासाठी निराळे बांधकाम उभे राहिले, आणि सधन शेतघराच्या आवारात वीसहून अधिक इमारती असणे मुळीच दुर्मीळ नव्हते. या इमारतींच्या समूहाला आणि त्यांनी वेढलेल्या अंगणाला मिळून ‘तून’ म्हणतात. दगडी चकत्या बसवलेल्या बुटक्या खांबांवर उंच उचललेले धान्याचे कोठार, म्हणजे ‘स्टाब्बुर’, हे तूनमधले सर्वांत देखणे बांधकाम असते. उंदरांना वर चढता येऊ नये हे त्या उंचीचे कारण, आणि घराची श्रीमंती येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडावी हे त्यावरील कोरीवकामाचे कारण. ‘लॉफ्ट’ नावाच्या दुमजली इमारतीत खाली साठवण आणि वर पाहुण्यांची किंवा उन्हाळ्यात घरच्यांची झोपण्याची सोय असे.

तूनची मांडणी प्रदेशागणिक बदलते. पश्चिमेकडील फ्योर्डांच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्यांच्या, काठी अनेक कुटुंबांची घरे एकाच उतारावर दाटीवाटीने उभी असत. गुडब्रान्सडालेनच्या खोऱ्यात माणसांचे अंगण आणि गुरांचे अंगण वेगळे ठेवण्याची रीत होती. सेटेस्डालमध्ये घरांच्या समोरासमोर रांगा होत्या. ट्रॉन्डेलागमध्ये लांबलचक घरांनी चौकोनी अंगण बंद केलेले दिसते. यांपैकी पश्चिमेकडील दाट समूहाची कहाणी सर्वांत बोलकी आहे. तेथे शेतजमीन अरुंद पट्ट्यांत विभागलेली असे आणि एका कुटुंबाचे पट्टे दुसऱ्याच्या पट्ट्यांत मिसळलेले असत, म्हणून साऱ्यांनी एकत्र राहणे सोयीचे होते. १८२१, १८५७ आणि १८८२ सालच्या कायद्यांनी हे विखुरलेले पट्टे एकत्र करून प्रत्येकाला सलग जमीन देण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक समूह मोडले; घरे ओंडका ओंडका करून उतरवली गेली आणि आपापल्या नव्या शेतावर उभी राहिली. घरे बऱ्याच अंशी तीच राहिली, पण जुने गाव नाहीसे झाले. बर्गनजवळच्या ओस्टेरॉय बेटावरील हावरो येथे ही मोडणी झाली नाही, आणि म्हणूनच १९९८ साली नॉर्वेने केवळ इमारतींना नव्हे तर शेत, कुंपणे व वाटांसह संपूर्ण परिसराला संरक्षण देण्याचा पहिला निर्णय घेतला तो हावरोच्या बाबतीत.

काळाच्या दृष्टीने पाहता ओंडक्यांचे घर हे नॉर्वेतील सर्वांत जुने घर नव्हे. त्यापूर्वी जमिनीत पुरलेल्या खांबांवर उभी केलेली लांब घरे असत, ज्यांत माणसे आणि गुरे एकाच छपराखाली राहत. लोफोटेनमधील बोर्ग येथे सापडलेल्या सरदाराच्या अशा घराची लांबी ८३ मीटर होती. मातीत पुरलेला खांब कुजतो. ओंडक्यांची भिंत दगडी जोत्यावर कोरडी राहते, आणि दहाव्या-अकराव्या शतकापासून तिचा प्रसार होत गेला. उभ्या खांबांची परंपरा मात्र संपली नाही: तिने आडव्या पायातुळईवर उभे राहून स्टाव्ह चर्च म्हणून ओळखली जाणारी लाकडी चर्चे घडवली, पश्चिम किनाऱ्यावरील गोठ्यांत आणि नावा ठेवण्याच्या घरांत ती टिकली, आणि लॉफ्टभोवतीच्या सज्जातही दिसते, जेथे ओंडक्यांच्या गाभ्याला उभ्या खांबांचे वेष्टन असते. टेलेमार्कमधील आइड्सबोर्ग येथील एक लॉफ्ट ११६०च्या दशकात तोडलेल्या झाडांचे आहे, हे वृक्षवलयांच्या मोजणीवरून, म्हणजे खोडातील वार्षिक वर्तुळांच्या जाडीच्या क्रमावरून, सिद्ध झाले आहे. १३४९ साली काळा मृत्यू म्हणून ओळखली जाणारी प्लेगची साथ नॉर्वेत पोहोचली, असंख्य शेतघरे ओसाड पडली आणि त्यानंतर दीड शतकभर नवे बांधकाम जवळजवळ थांबले. जतन झालेल्या घरांच्या काळक्रमात ही पोकळी आजही स्पष्ट जाणवते.

पुढच्या काळातील सर्वांत मोठा बदल चुलीत झाला. मध्ययुगीन घरात जमिनीवर मधोमध उघडी आगटी असे आणि धूर छपरातील झरोक्यातून बाहेर पडे, त्यामुळे वर मजला चढवणे शक्य नव्हते व भिंती काजळीने काळ्या होत. सतराव्या-अठराव्या शतकांत धुराडे रूढ झाले, छपरातला झरोका बुजला, भिंतीत काचेच्या खिडक्या आल्या आणि वर खोल्या बांधता आल्या. फुलापानांच्या रंगीत चित्रांनी भिंती व पेट्या सजवण्याची जी कला नॉर्वेची म्हणून ओळखली जाते तीही धूर घरातून निघून गेल्यानंतरच बहरली. दुसरा बदल करवतीचा. पाण्यावर चालणारी करवत सुमारे १५०० पासून वापरात आली आणि लाकूड निर्यातीचा माल झाले, परंतु गिरण्यांवरील मक्तेदारी १८६० साली उठल्यावर रंधा मारलेल्या फळ्या सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यात आल्या आणि जुन्या ओंडक्यांवर फळ्यांचे आच्छादन चढले. याच काळात रुंद पाख्यांची, नक्षीदार झालरींची ‘स्विस शैली’ मध्य युरोपातून आली, आणि तिच्यामागोमाग व्हायकिंग काळाची आठवण जागवणारी, शिखरांवर ड्रॅगनची मुंडकी असलेली शैली प्रचलित झाली. शुद्धतावादी अभ्यासकांनी या दोन्ही शैलींना दीर्घकाळ नाके मुरडली. आज खेड्यातून फिरताना जे घर ‘जुने नॉर्वेजियन घर’ म्हणून डोळ्यांत भरते ते बहुधा याच काळातले असते, आणि त्याच्या पांढऱ्या फळ्यांमागे शंभर-दोनशे वर्षे अधिक जुना ओंडक्यांचा गाभा दडलेला असू शकतो.

या विषयाच्या अभ्यासाची सुरुवात एका चित्रकाराने केली असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. ड्रेस्डेनमध्ये राहणाऱ्या योहान क्रिस्टियन डाल यांनी १८३७ साली लाकडी चर्चांवरील चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, पाडले जाणारे वांग येथील चर्च सायलेशियात हलवून वाचवले आणि १८४४ साली प्राचीन स्मारकांच्या जतनासाठी स्थापन झालेल्या संस्थेला प्रेरणा दिली. या पहिल्या पिढीची नजर राष्ट्रवादी होती. शतकानुशतके डेन्मार्कच्या आणि १८१४ नंतर स्वीडनच्या राजाखाली असलेल्या देशाला स्वतःचे असे काही हवे होते, आणि ते त्याला मध्ययुगीन लाकडात सापडले. त्याउलट दिशेने विचार केला तो आयलर्ट सुंट यांनी. धर्मशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या आणि पुढे समाजाभ्यासाकडे वळलेल्या सुंट यांनी १८६२ साली ग्रामीण बांधकामाच्या रीतींवर ग्रंथ लिहिला आणि भूतकाळाच्या गौरवाऐवजी साधे प्रश्न विचारले: आगटी येथेच का, दार त्या बाजूलाच का, गरिबाच्या झोपडीत किती माणसे झोपतात. घराची रीत ही गरज, हवामान आणि परवडणारा खर्च यांच्या निवडीतून हळूहळू घडते, हा त्यांचा विचार आजही ताजा वाटतो, आणि या ग्रंथावर इतर कोणाहीपेक्षा सुंट यांचे ऋण अधिक आहे.

तिसरी परंपरा संग्रहालयांची. ऑस्कर दुसरा या राजाने १८८१ पासून बिग्डॉय येथे जुन्या इमारती आणून उभ्या केल्या. हान्स ऑल यांनी १८९४ साली नॉर्वेजियन लोकसंग्रहालय स्थापन केले. आणि लिलेहामरमधील दंतवैद्य आन्डेर्स सान्विग यांनी गुडब्रान्सडालेनमधील घरे विकत घेऊन उभारलेला संग्रह १९०४ साली मायहाउगेन येथे खुला झाला. घरे हलवता येत होती म्हणूनच हे शक्य झाले, आणि त्यांनी ती हलवली नसती तर त्यांतील बरीचशी सरपणात गेली असती हे मान्यच करावे लागते. तरीही लोम येथील शेतघराच्या इमारती मायहाउगेनच्या टेकडीवर कितीही काळजीपूर्वक मांडल्या तरी तेथील पाण्याचे पाट, शेजाऱ्याची वाट आणि उन्हाळ्यात गुरे घेऊन जाण्याचे डोंगरावरील कुरण त्यांच्याबरोबर येत नाही. संग्रहालयातले तून पाहून गावाची कल्पना करता येते, गाव समजत नाही.

विसाव्या शतकात मोजमापाची आणि वर्गीकरणाची शिस्त आली. हाल्वोर व्रेइम यांनी लाकडी वास्तूंचा आढावा १९३९ साली घेतला, आणि आर्ने बर्ग यांनी तूनच्या प्रकारांवर १९६८ साली लिहिल्यानंतर मध्ययुगीन ओंडक्यांच्या घरांचा सहा खंडांतील ग्रंथ १९८९ ते १९९८ या काळात पूर्ण केला, ज्याला बाजूला ठेवून या क्षेत्रात कोणालाही पुढे जाता येत नाही. गुन्नार बुग्गे आणि क्रिस्टियान नोर्बर्ग-शुल्ट्स यांनी १९६९ साली खांब आणि ओंडका या दोन पद्धतींना समोरासमोर ठेवून पाहिले. पुढे नोर्बर्ग-शुल्ट्स यांनी ‘स्थळाचा आत्मा’ ही संकल्पना जगभर पोहोचवली, जी सुंदर असली तरी जमीन कोणाच्या मालकीची होती हा प्रश्न तिच्यात सहसा उपस्थित होत नाही. अलीकडची शाखा कारागिरांची आहे. मध्ययुगात ओंडके कुऱ्हाडीने विशिष्ट रीतीने तासले जात व त्यांवर माशाच्या काट्यासारख्या तिरप्या खुणा उमटत. ही हातोटी लोपली होती, आणि १९९०च्या दशकात मध्ययुगीन इमारतींची दुरुस्ती हाती घेतल्यावर सुतारांनी जुन्या खुणांवरून ती पुन्हा शिकून घेतली. योन बोयेर गोडाल यांच्यासारख्यांनी लाकूड कसे निवडावे आणि कधी तोडावे याचे जाणत्यांकडील तोंडी ज्ञान लिहून काढले. वस्तू जपायची की ती घडवण्याचे कौशल्य, हा या शाखेने उभा केलेला प्रश्न इतर सर्व शाखांना अस्वस्थ करणारा आहे.

कायद्याचाही येथे थोडक्यात निर्देश केला पाहिजे. १९१२ साली राष्ट्रीय वारसा संचालनालयाची स्थापना झाली, १९२० साली इमारतींच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९७८ च्या कायद्यान्वये १५३७ पूर्वीच्या सर्व वास्तूंना आपोआप संरक्षण मिळाले. १९७५ ते १९९५ दरम्यान १९०० पूर्वीच्या इमारतींची देशव्यापी नोंद करण्यात आली व तिच्यात पाच लाखांहून अधिक नोंदी जमल्या. फिनमार्क प्रांतासाठी मात्र ही मर्यादा १९४५ ठेवावी लागली, कारण १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तेथील बहुतेक सर्व घरे जाळली होती. लाकडी घरांचा वारसा खेड्यांत अधिक टिकला याला एका आगीचेही निमित्त आहे. १९०४ च्या जानेवारीत ओलेसुंड शहर बेचिराख झाले आणि त्यानंतर शहरांत विटा-दगडांची सक्ती लागू झाली. ही सक्ती खेड्यांपर्यंत पोहोचली नाही.

शेती करणाऱ्यांपुरतेच गाव मर्यादित नसते, ही जाणीव जुन्या अभ्यासात फारशी आढळत नाही. तूनचे मालक, तेही ‘ओडेल’ या वंशपरंपरागत हक्काने जमीन राखणारे, हा समाजाचा एक थर होता. त्यांच्या जमिनीच्या कडेला श्रमाच्या मोबदल्यात झोपडी आणि तुकडाभर शेत मिळालेले ‘हुसमान’ कूळ राहत असे, आणि समुद्रकाठी जमिनीशिवाय केवळ घरापुरती जागा भाड्याने घेऊन राहणारे कारागीर, नावाडी आणि दुकानदार असत. सुमारे १८२५ ते १९३० या काळात आठ लाखांहून अधिक नॉर्वेजियन माणसे अमेरिकेला गेली, त्यांत या भूमिहीनांचा भरणा मोठा होता, आणि त्यांची घरे हलक्या प्रतीच्या लाकडाची असल्याने ती टिकलीही नाहीत. आज जे उभे दिसते ते प्रामुख्याने ज्यांच्याकडे होते त्यांचे आहे.

याच कारणासाठी प्रस्तुत ग्रंथाने आपले मुख्य उदाहरण म्हणून एखादे प्रसिद्ध शेतघर न निवडता सोग्नेफ्योर्डच्या आतल्या टोकाचे लॅर्दाल हे खोरे निवडले आहे. खोऱ्यात वर बोर्गुंडचे मध्ययुगीन लाकडी चर्च आहे, मधल्या भागात शेते आहेत, १७९०च्या दशकात पूर्व आणि पश्चिम नॉर्वेला जोडण्यासाठी बांधलेला राजमार्ग येथूनच जातो, आणि नदीच्या मुखाशी लॅर्दालसओयरी हे बाजाराचे गाव आहे, जेथे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील दीडशेहून अधिक लाकडी इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत. २०१४ च्या जानेवारीत, बर्फाविना गेलेल्या कोरड्या हिवाळ्यात, जोरदार वाऱ्याने पसरलेल्या आगीत या गावातील सुमारे ४० इमारती जळाल्या; जुना भाग बहुतांशी बचावला. एकाच गावात मालक आणि भाडेकरू, रस्ता आणि समुद्र, जतन आणि विनाश असे सगळे प्रवाह एकत्र आल्यामुळे हे उदाहरण इतरांपेक्षा अधिक काही सांगू शकते.

आज या विषयाकडे वळण्याची निकड केवळ आगीमुळे नाही. खेड्यातील घरे वारसांकडे जातात, वारस शहरात राहतात, आणि घर वर्षातून काही आठवडे उघडते. बंद घरात चूल पेटत नाही, ओल मुरते आणि छपराची गळती कोणाच्या लक्षात येत नाही. काही नगरपालिकांनी वर्षभर वस्तीची अट घातली आहे, तिचा परिणाम घरांच्या किमतींवर कसा होतो हा तेथे तीव्र मतभेदाचा मुद्दा आहे. वीज वाचवण्यासाठी जुन्या भिंतींना आतून उष्णतारोधक थर लावले जातात व त्यामुळे कधी कधी ओंडकेच आतल्या आत कुजतात. दुसरीकडे लाकडाला पुन्हा मान मिळू लागला आहे: ब्रुमुन्डालमध्ये २०१९ साली पूर्ण झालेली ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. परंतु चिकटवलेल्या थरांच्या लाकडी तुळयांची ही नवी विद्या आणि लाफ्टची जुनी विद्या यांच्यात नावापलीकडे फारसे नाते नाही, आणि पहिलीच्या कौतुकाने दुसरी वाचेल अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल.

ग्रंथाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्टाव्ह चर्चांवर विपुल लेखन झाले असल्याने त्यांचा विचार येथे संदर्भापुरताच केला आहे. रोरोससारखी खाणीची नगरे आणि बर्गनची बंदरातील घरे जागतिक वारसा यादीत असूनही नगररचनेचा विषय म्हणून बाजूला ठेवली आहेत. सामी लोकांच्या वास्तूंना स्वतंत्र ग्रंथाची गरज आहे आणि त्यांना एका प्रकरणात कोंबणे योग्य ठरले नसते. घर, तून आणि गाव ही तीन पातळ्यांची साखळी सलग पाहणे, आणि प्रत्येक टप्प्यावर ‘हे येथेच का’ असे विचारणे, हे या ग्रंथाचे प्रयोजन आहे. नॉर्वेजियन संज्ञा प्रथम येतील तेथे स्पष्ट केल्या आहेत. सुतारकामासाठी वासा, तुळई, खोबण, जोते हे मराठीतील चालू शब्दच वापरले आहेत.

ग्रंथ वाचून जे वाचक कधी त्या खोऱ्यांत जातील त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. हावरो, मायहाउगेन आणि बिग्डॉय ही ठिकाणे पाहण्यासाठी खुली आहेत, पण गावातील बहुसंख्य जुनी घरे आजही लोकांची राहती घरे आहेत; नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने रानावनात कोणालाही मुक्तपणे फिरता येते, परंतु घराभोवतीचे अंगण आणि पेरलेले शेत त्या मोकळिकीत येत नाही, तेव्हा तूनमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी घरमालकाची परवानगी घ्यावी.